चार घट आणि एक कारभारी

निवृत्तीनंतर माणसे काय काय करतात! कुणी ज्ञानेश्वरी उघडतो, कुणी गुलाबांची कलमे बांधतो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. कुरुंदवाडच्या आमच्या दाजींनी एक जुनी प्रवासी गाडी विकत घेतली, तिच्यातली आसने काढून टाकली आणि तिथे एक दिवाण, एक शेगडी, पाण्याची टाकी नि एक छोटा फ्रीज बसविण्याचा घाट घातला. (परिवहन कार्यालयाच्या परवानगीवाचून गाडीच्या अंगात असा फेरफार करता येत नाही. दाजी सरकारी नोकरीतले. तो कागद त्यांनी सर्वांत आधी केला.) फिरायचे, गाडीतच राहायचे, आणि खर्च बेताचा ठेवायचा, असा एकंदर बेत.

या सदरात एरवी शब्दांची चौकशी चालते. या खेपेला एका वीतभर पट्टीची करणार आहे. तिचे नाव बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. बाजारात सगळे तिला ‘बीएमएस’ म्हणतात.

फ्रीज सरबतासाठी नाही. दाजींना मधुमेह आहे, आणि इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगा फुगल्या, वीज गेली, तेव्हा आक्काने त्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. तेव्हा ही गाडी नुसती हौस नव्हे, हे आक्काने मला पहिल्याच दिवशी बजावले. “तुझ्या दाजींना हिमालय बघायचाय,” ती म्हणाली, “मला फ्रीज चालू राहिलेला बघायचाय.”

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-तासांची. या रसायनाचा मूळ शोधनिबंध पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा, १९९७ सालचा. गुडइनफना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९ साली नोबेल मिळाले तेव्हा त्यांचे वय ९७ होते; निवृत्तीनंतर काय करावे, याचे हेही एक उत्तर. हे रसायन मोबाइलमधल्या बॅटरीच्या मानाने बरेच शांत प्रकृतीचे. पण शांत माणसालाही मर्यादा असतात.

तर बॅटरीत घट चार, एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकाचा दाब साधारण ३.२ व्होल्ट, चौघांचा मिळून १२.८. एकेका घटाने ३.६५ च्या वर जायचे नाही नि २.५ च्या खाली उतरायचे नाही. आता एकत्र कुटुंबासारखे पाहा. बाहेरच्याला घराची एकूण मिळकत दिसते. आत कोण उपाशी आहे नि कुणाला अजीर्ण झाले आहे, ते दिसत नाही. समजा, तीन घट ३.४० वर आहेत आणि चौथा ३.६५ ला पोचला. बेरीज १३.८५. चार्जरला १४.६ गाठायचे आहेत. त्याच्या लेखी अजून भूक शिल्लक आहे. तो रेटतच राहतो, आणि ते सारे रेटणे त्या तुडुंब भरलेल्या चौथ्याच्या जिवावर येते. उलट बाजूनेही तेच. तीन घट ३.१० वर नि चौथा २.४ वर, तरी बेरीज ११.७ दिसते आणि आपण निर्धास्त दिवा लावून वाचत बसतो. बीएमएसचे खरे काम बेरीज पाहण्याचे नव्हे. चौघांची ताटे वेगवेगळी पाहण्याचे आणि एकाचेही बिनसले तर वाट तोडण्याचे.

दुकानदाराने दोन पट्ट्या पुढ्यात ठेवल्या. एक दीड हजाराची, एक साडेपाच हजारांची. “दाजी, ही घ्या की! शंभर अँपिअर हिच्यावरबी लिवलंय, तिच्यावरबी लिवलंय. उगं चार हजार कशाला घालवताय?”

दाजींचा हात खिशाकडे गेला होता. आमचा भाचा पॉलिटेक्निकात शिकतो. त्याने चष्मा पुसून बारीक अक्षरे वाचली. स्वस्त पट्टीवरचे शंभर हे क्षणभराचे. अखंड प्रवाह पन्नासच. शिवाय ती चार ‘लिथियम’ घटांची होती खरी, पण दुसऱ्या जातीच्या: वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. आमच्या घटांवर ती बसविली असती तर ३.६५ ची वेस ओलांडून घट केव्हाच गावाबाहेर गेला असता आणि पट्टी स्वस्थ बसून राहिली असती. दोन्हींवर लिथियम हा एकच शब्द! भाषेच्या माणसाला अशा ठिकाणी फार वाईट वाटते.

अँपिअरचा हिशेब मात्र आक्काच्या मिक्सरने सोडविला. गाडीत इन्व्हर्टर हजार वॅटचा. १००० भागिले १२.८ म्हणजे ७८ अँपिअर, इन्व्हर्टरची स्वतःची खोट धरून नव्वदीच्या घरात. मिक्सर ७५० वॅटचा, आणि सुरू होताना तो क्षणभर याच्या कितीतरी पट ओढतो. पन्नासाची पट्टी चटणी वाटायला घेताच वाट तोडून मोकळी होणार, आणि तिच्याबरोबर फ्रीजही बंद. पाट्यावर वाट म्हणावे, तर आक्का पहिल्याच मुक्कामाला एसटी धरून परत येईल. म्हणून अखंड शंभर अँपिअरची पट्टी घ्यावी आणि तिच्याकडून सत्तर-ऐंशीचेच काम घ्यावे. विजेची शेगडी पार रद्द. २००० वॅट या बॅटरीच्या आवाक्यातले नव्हेत. गॅस बरा.

महाग पट्टीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, थंडीची जाण. गोठणबिंदूखाली चार्जिंग केले तर लिथियम घटाच्या आत धातूरूपाने साचू लागते, आणि तो घट पुढे कधी दगा देईल ते सांगता येत नाही. कुरुंदवाडात याची मुळीच गरज नाही. पण दाजींच्या भिंतीवर स्पितीचा नकाशा लागला आहे. दुसरी, मोबाइलवर चारही घटांचे आकडे दिसण्याची सोय. मला ही अधिक मोलाची वाटते. मुक्या पट्टीने मध्यरात्री फ्रीज तोडला तर ते सकाळी कळणार. खरे म्हणजे खालच्या बाजूने वाट तोडणे हे बीएमएसचे रोजचे कामच नव्हे. इन्व्हर्टर १२ व्होल्टलाच थांबेल असे आधी बांधून द्यावे, म्हणजे उरलेले फ्रीजच्या वाट्याला राहते. फ्रीज ४५ वॅटचा. दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालला तरी ३४ अँपिअर-तास पुष्कळ झाले. बिनउन्हाचे दोन दिवस सहज निघतात.

घटांची बरोबरी साधण्याचे काम पट्टी करते, असे दुकानदार सांगतात. करते, पण मुंगीच्या पावलाने. ५० मिलिअँपिअरने बरोबरी साधायची नि घटांत पाच अँपिअर-तासांचा फरक असायचा, तर शंभर तास लागतील. म्हणून भाच्याने जोडणीपूर्वीच चारही घट समांतर जोडून ३.६५ पर्यंत एकत्र भरून घेतले. त्यात त्याची दिवाळीपूर्वीची सगळी सुट्टी गेली आणि त्याच्या आईची बोलणी वेगळी. इंजिनावरून चार्जिंगसाठी मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला; थेट जोडल्यास ही बॅटरी इतके ओढते की अल्टरनेटर तापतो.

एक गोष्ट कुणी आपण होऊन सांगत नाही. या पट्टीतले वाट तोडणारे भाग, ज्यांना मॉस्फेट म्हणतात, ते जळले तर बहुधा जोडलेल्या अवस्थेतच जळतात. पहारेकरी मेला की दार उघडेच राहते. तेव्हा चार्जरची मर्यादा आधी नीट ठरलेली हवी, आणि बॅटरीच्या धन टोकाशी, वीतभराच्या आत, जाड फ्यूज हवा. बीएमएस हा शेवटचा माणूस, पहिला नव्हे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर वाहन चालविणाऱ्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. पण गाडीत मागाहून बसविलेल्या घरगुती बॅटरीची परीक्षा त्यात होत नाही. तिच्यावर दिवाण टाकून झोपणाऱ्यानेच ती करायची.

पट्टी साडेपाच हजारांचीच आली. त्यापायी सागवानी कपाट गेले, प्लायवूडवर भागले.

बॅटरी दाजींनी मागच्या दारालगत, फळीवर, चार बोल्टांनी सुटेल अशी ठेवली आहे. नदीने इशारा पातळी ओलांडली की गाडी आधी उंचावर, हे घरात ठरले आहे. ते जमले नाही तर बॅटरी तरी उचलायची. आणि तीही बुडालीच, तर वरून कितीही कोरडी दिसली तरी चार्जरला लावायची नाही. उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवून जाणत्याला बोलवायचे. आक्काने हे एका कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटविले आहे, इन्शुलिनच्या वेळापत्रकाखाली.