झर असते डोंगरमाथ्यावर

रविवारी सकाळी सातला आमच्या वळणावर पोचलो, तर माझ्याआधी पाच गाड्या. डिक्या उघड्या, आत २० लिटरचे कॅन. एका स्कूटरवाल्यानं तर शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या पोतंभर आणलेल्या. घाटावर ज्याला झरा म्हणतात त्याला आम्ही गोव्यात झर म्हणतो. चिऱ्यांच्या भिंतीतून बाहेर आलेला एक नळा, खाली शेवाळलेली फरशी, एवढाच तिचा संसार. रांगेचे नियम कुणी लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. एका वेळी दोनच कॅन. ओंजळभर प्यायला आलेल्याला मध्ये सोडायचं. नळ्याखाली पाय धुवायचे नाहीत.

पुढच्या गृहस्थांना विचारलं, घरी नळ नाही का?

"आसा मरे," ते म्हणाले, "पूण त्या उदकाक वास येता."

तो वास क्लोरीनचा. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात वाटेवर काही शिरलंच तर त्याचा बंदोबस्त व्हावा, म्हणून तो थोडा उरवून ठेवलेला असतो. मला तर नळाच्या पाण्याला तो वास आला नाही की शंका येते.

चव चांगली म्हणून पाणी चांगलं, हा हिशेब जुना आहे आणि घातकही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्यानं थैमान घातलं, तेव्हा तिथून लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई त्याच रोगानं गेली. तिच्या आसपास कॉलऱ्याचा मागमूस नव्हता. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली. बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायच्या आणि तिथल्या पंपाच्या पाण्याची चव त्यांना इतकी आवडायची, की गाडीवानाकडून त्या रोज बाटली भरून मागवत.

आमच्या झरीचं पाणी गोड आहे, यात वाद नाही. जांभ्यातून येणाऱ्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे ते हलकं लागतं, डाळ लवकर शिजते, साबणाला फेस चटकन येतो. त्या चवीच्या लोभानं मीही कॅन घेऊन उभा राहतोच की. पण 'डोंगरातून गाळून आलंय' हे वाक्य रांगेत ऐकलं की मला राहवत नाही. जांभा पाणी जिरवतो चांगलं, पण गाळतो कितपत? बारीक मातीतून पाणी हळूहळू झिरपलं तर जंतू अडतात. जांभ्यात असतात भोकं, नळ्या, भेगा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, पडलेला पाऊस त्यांतून सरसर खाली उतरतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतो, त्या थराच्या उतारानं आडवा सरकतो आणि डोंगराच्या पायथ्याशी वाट मिळेल तिथं बाहेर पडतो. रस्ता करताना डोंगर कापला की कधी कधी हीच वाट उघडी पडते. रस्त्याकडेला इतक्या झरी का, याचं हे एक कारण.

म्हणजे आपण जिथं कॅन लावतो ती जागा झरीचं नुसतं तोंड. तिचं पोट वर, सड्यावर. पणजीत बघा. फोंताइन्हस या वाड्याचं नावच मुळी झरीवरून पडलं. मळ्यातली फोंत फेनिक्स आणि गायीच्या तोंडाची म्हणून नाव पडलेली बोक द व्हाक, दोन्ही आल्तिनोच्या पायथ्याला. त्या टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे, मुख्यमंत्र्यांचं सरकारी निवासस्थान आहे, रस्ते आहेत, गटारं आहेत. वर जे सांडेल ते कधी ना कधी खाली उतरणार. सगळ्या गोव्यात सड्यांवर हेच चाललंय. वर बंगल्यांच्या वसाहती, प्रत्येक बंगल्याला शोषखड्डा, उरलेल्या जमिनीवर काँक्रीट. जिरणारा पाऊस कमी आणि जिरणारं मैलापाणी जास्त. आणि गंमत अशी, की त्याच वसाहतीतली माणसं रविवारी खाली येऊन आमच्या रांगेत उभी असतात.

उकळून घेतलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना अर्धेच गुण. उकळल्यानं जंतू मरतात. शोषखड्ड्यातून किंवा खतातून आलेलं नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जंतू सापडता कामा नये आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. घरबसल्या एकच खूण सांगता येईल. जोराचा पाऊस झाल्यावर त्याच दिवशी झर गढूळ झाली, तर वरचं पाणी थेट आत शिरतंय असं समजावं आणि त्या दिवसांत तिथलं पाणी पिऊ नये.

मग झरी बुजवायच्या? नाव काढू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ओपाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या खांडेपारजवळ फुटल्या, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना तिसवाडी आणि फोंड्यातले नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. तेव्हा सगळ्यांना विहिरी आणि झरी आठवल्या. नळ परत आले आणि आमची आठवण गेली. देशात सुमारे ५० लाख झरे असावेत असा अंदाज नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालात आहे. तो अहवाल मुख्यतः हिमालयाबद्दल. सिक्कीमनं २००८ पासून 'धारा विकास' राबवताना झऱ्याच्या तोंडाशी कारंजी आणि फरशा बसवण्यात वेळ घालवला नाही. भूगर्भाचा अभ्यास करून पाणी कुठल्या उतारावर मुरतं ते शोधलं आणि तिथं चर खणले. आमच्याकडे झरीचं सुशोभीकरण होतं. नळ्याच्या जागी सिमेंटचं सिंहमुख, रंगीत दिवे, उद्घाटनाची कोनशिला.

कोनशिलेऐवजी पंचायतीनं तिथं एक साधा फळा लावावा. पाणी कधी तपासलं, काय निघालं, पिण्याजोगं आहे की नाही, बस्स. आणि विकास आराखड्यात झरीच्या तोंडाबरोबर वरचं पोटही रेघ मारून राखावं. शोषखड्ड्याची परवानगी देण्याआधी खाली कोण पाणी पितं, हे कुणीतरी विचारायला हवं.

तोवर आपण एक करू. मोबाईलमध्ये घड्याळ असतं, हातात कॅन असतो. माझा २० लिटरचा कॅन डिसेंबरात ५० सेकंदांत भरत होता. गेल्या रविवारी पावणेदोन मिनिटं लागली. तुमच्या झरीवर किती लागतात, ते तारखेसकट या स्तंभाच्या पत्त्यावर कळवा. कॅनचं माप लिहायला विसरू नका.