रिकामी टाकी रिकामी नसते

दोस्तहो, पहिल्यांदा एक शब्द फेकून द्या : अपघात. तेलाची टाकी फुटते, चार माणसं जळतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं 'दुर्दैवी अपघात'. दैव कसलं डोंबलाचं! टाकी आपोआप फुटत नाही. फुटेपर्यंत तिला तशीच सोडून देतात.

मी दोन वर्षं टँकर दुरुस्तीच्या शेडमध्ये हेल्परी केली. नाव कशाला सांगू, हायवेला अशा शेड पैशाला पासरी आहेत. मुकादम म्हणायचा, "खाली आहे रे टाकी, लाव कटर." हेच सर्वांत मोठं खोटं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी भयंकर. कारण पेटते ती तेलाची वाफ. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगीचीच वाट बघते. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी. रिकामीत तळाला चार बोटं गाळ आणि वर हवाच हवा. डिझेल, फर्नेस ऑइल गार असताना सहज पेटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण बाहेरून वेल्डिंगची आच पत्र्याला लागली की आतला गाळ तापतो, वाफ धरतो. मग झाकण माणसासकट उडतं.

हे कुणाला ठाऊक नाही? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ३७ व्या कलमात लिहूनच ठेवलं होतं की ज्वालाग्राही माल असलेली, किंवा कधीकाळी असलेली टाकी, माल आणि वाफ काढल्याशिवाय कापू नका, जोडू नका. पण टाकी धुवायची, गॅस मोजायचा, तर एक दिवस जातो. टँकर एक दिवस उभा राहिला तर मालकाचं भाडं बुडतं. माणूस मेला तर मालकाचं काय बुडतं?

मोठ्या कंपन्यांचंही तेच. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुऱ्यात इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल उसळलं. सव्वा तासाच्या आसपास उसळतच राहिलं. कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह बंद करायची सोय कित्येक वर्षं बंद पडलेली. वाफेचा ढग पसरला आणि फुटला. ११ माणसं गेली, आग ११ दिवस जळत होती. कारण काय, तर दुरुस्ती 'नंतर बघू'.

आता विचारा, टाकीत उतरतो कोण? आमच्या शेडमध्ये गाळ काढायला उतरणारे तिघंही आमच्याच वस्तीतले. मालकाचा पुतण्या पंख्याखाली वही लिहायचा. त्या वहीत तिघांची नावं नव्हती. आणि टाक्यांशेजारी राहतो कोण? तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या पाडून माणसं माहुलला रिफायनऱ्यांच्या दारात नेऊन टाकली. ८ ऑगस्ट २०१८ ला तिथल्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसच्या वर जखमी झाले.

१९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच मनमाडजवळ पानेवाडीला आज तेलाच्या टाक्या उभ्या आहेत. टाकीच्या तोंडाशी दोन्ही शत्रू एकदम भेटतात. एक ठरवतो कोण उतरणार, दुसरा ठरवतो किती स्वस्तात.

आणि सरकार? १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणायला १० कामगार पुरे होते. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या संहितेत २० लागतात. म्हणजे पंधरा जणांची शेड कारखानाच नाही! तिथली वाफ काय माणसं मोजून पेटते?

तेव्हा नुसत्या मेणबत्त्या नकोत. गॅस मोजल्याशिवाय कुणी उतरणार नाही. पट्टा, दोरी आणि दोरी धरणारा बाहेर पाहिजे. उतरणाऱ्याचं नाव आधी मस्टरवर, मग पाय शिडीवर. आणि हे मागायला एकट्याला पाठवू नका, एकट्याला गेटबाहेर काढतात. आपल्या वस्तीतलं कोण कुठल्या शेडला, कुठल्या डेपोला जातं, त्याची यादी या रविवारी बसून करा. ठेकेदाराच्या वहीत नाव नसेल, आपल्या वहीत तरी असू द्या.