मुख्यमंत्री की सुभेदार?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका अभ्यासवर्गात संघराज्य ह्या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, राज्यांना अधिक अधिकार द्या असे आपण म्हणतो. म्हणजे मुख्यमंत्र्यांनाच ना? आमची कामे अडतात ती दिल्लीत अडत नाहीत, राज्याच्या राजधानीतच अडतात. मग मुख्यमंत्र्यांच्या अधिकारांसाठी आपण का भांडायचे?" प्रश्न खोचक होता आणि रास्तही होता. त्या वेळी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम राज्यघटना काय म्हणते ते पाहू. १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. परंतु मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते विधानसभेला. राज्यपालाला नव्हे, पंतप्रधानाला नव्हे, आणि कोणत्याही पक्षाच्या दिल्लीतील कार्यालयाला तर नव्हेच नव्हे. शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य, पोलीस, स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. शिक्षणही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत त्याच सूचीत होते. सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी, दवाखान्याच्या पायरीशी आणि पोलीस चौकीच्या दाराशी. ह्या तिन्ही ठिकाणी उत्तरदायी असतो तो मुख्यमंत्री.

१९७४ पूर्वी स्वातंत्र्यदिनी राज्यांच्या राजधानीत ध्वज फडकवण्याचा मान राज्यपालांचा होता. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी ह्यांनी हा प्रश्न केंद्राकडे लावून धरला आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून तो मान लोकनियुक्त मुख्यमंत्र्यांना मिळाला. ही गोष्ट लहान नव्हे. राज्याचा खरा प्रतिनिधी कोण, ह्याचा तो निवाडा होता. ध्वजाची दोरी मुख्यमंत्र्याच्या हाती आली. पण त्याच्या खुर्चीची आणि तिजोरीची दोरी कोणाच्या हाती राहिली?

खुर्चीचे आधी पाहू. महाराष्ट्रात जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. फेब्रुवारी १९८३ मध्ये भोसले गेले, वसंतदादा पाटील आले. जून १९८५ मध्ये दादा गेले, शिवाजीराव पाटील निलंगेकर आले. मार्च १९८६ मध्ये निलंगेकर गेले, शंकरराव चव्हाण आले. जाण्याची कारणे निरनिराळी होती, कधी न्यायालयाचे ताशेरेही होते. पण येणाऱ्याच्या नावावर शिक्कामोर्तब झाले ते प्रत्येक वेळी दिल्लीत. आमदारांनी काय केले? निर्णय श्रेष्ठींवर सोपवल्याचा एकओळी ठराव केला आणि टाळ्या वाजवल्या. आंध्रात तर १९७८ ते १९८३ ह्या पाच वर्षांत चार मुख्यमंत्री झाले. त्याचे उत्तर जानेवारी १९८३ मध्ये मतदारांनीच दिले आणि एन. टी. रामाराव निवडून आले. ऑगस्ट १९८४ मध्ये राज्यपालांकरवी त्यांना काढण्यात आले. लोक रस्त्यावर उतरले आणि महिनाभरात त्यांना परत त्याच खुर्चीवर बसवावे लागले.

तो काँग्रेसचा काळ होता असे म्हणून आज कोणी सुटका करून घेऊ नये. ज्या पक्षाने त्या संस्कृतीची आयुष्यभर टवाळी केली, त्याने २०२१ मध्ये उत्तराखंडात एकाच वर्षात तीन मुख्यमंत्री पाहायला लावले. त्यांपैकी मधल्याला चार महिनेही पुरते मिळाले नाहीत. त्याच वर्षी गुजरातेत अवघे मंत्रिमंडळ बदलले आणि प्रथमच आमदार झालेले गृहस्थ मुख्यमंत्री झाले. २०२३ च्या डिसेंबरात राजस्थानात तेच घडले. नवख्या आमदाराने मुख्यमंत्री होण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याची निवड आमदारांनी न करण्यात. ज्याची खुर्ची विधानसभेच्या बळावर उभी नाही, तो विधानसभेला का जुमानील? त्याचे डोळे दिल्लीच्या दूरध्वनीकडे लागलेले असतात. अशा माणसाला मुख्यमंत्री म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे; त्याला आपल्या भाषेत सुभेदार हा जुना शब्द आहे. 'दोन इंजिनांचे सरकार' ही घोषणा ह्याच सुभेदारीचे गोंडस नाव आहे. केंद्रात ज्यांचे सरकार त्यांचेच राज्यात आणा, म्हणजे गाडी धावेल, ह्याचा अर्थ इतकाच की दुसऱ्या पक्षाला मत दिलेत तर तुमची गाडी आम्ही अडवू. मतदाराला ही धमकी आहे, आणि तीही त्याच्याच कराच्या पैशांच्या जोरावर.

येथे आपल्याही घरात डोकावले पाहिजे. एप्रिल १९७७ मध्ये केंद्रातील जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा एका फटक्यात बरखास्त केल्या. लोकसभेत काँग्रेस हरली, म्हणून राज्यांतील तिच्या सरकारांनी लोकांचा विश्वास गमावला, असा तो युक्तिवाद होता. त्या मंत्रिमंडळात समाजवादी चळवळीतील मंडळीही होती. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींनी तोच युक्तिवाद उलटा फिरवून नऊ विधानसभा मोडल्या. महाराष्ट्रातील पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार त्यातच गेले. आपण पाडलेला पायंडा तीन वर्षांत आपल्याच मुळावर आला. बहुमताचा निर्णय राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात सांगेपर्यंत १९९४ साल उजाडले. आणीबाणीविरुद्ध तुरुंगात गेलेल्यांना जे स्वतःहून कळायला हवे होते, ते न्यायालयाला शिकवावे लागले.

आता तिजोरी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. ऐकायला बरे वाटते. पण 'वाटपयोग्य' ह्या शब्दात सारी मेख आहे. उपकर आणि अधिभार ह्यांचे उत्पन्न ह्या रकमेत धरले जात नाही. केंद्राच्या ढोबळ करउत्पन्नात त्यांचा हिस्सा २०११-१२ मध्ये सुमारे १० टक्के होता. २०२०-२१ पर्यंत तो सुमारे २० टक्क्यांवर गेला. एकच उदाहरण घेतो. २०२१ च्या फेब्रुवारीनंतर लिटरभर पेट्रोलवर केंद्राचा उत्पादनकर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातील वाटपयोग्य मूळ कर होता १ रुपया ४० पैसे. बाकी सारे उपकर आणि अधिभार. म्हणजे ह्या सुमारे ३३ रुपयांतून देशातील सर्व राज्यांना मिळून वाटा आला तो ५७ पैशांचा! वाण्याने वजनात मारले तर आपण त्याला पकडतो. येथे तर तराजूच बदलला होता.

ह्यावर आपल्याकडे एक सोयीची ओरड ऐकू येते : महाराष्ट्राचा पैसा बिहारला का? समाजवाद्याने ह्या ओरडीत सूर मिसळता कामा नये. संपन्न प्रांताने मागास प्रांताला हात देणे हा संघराज्याचा प्राण आहे. शिवाय हिशेबही चुकीचा आहे. राज्यांच्या वाट्यात त्या पाच वर्षांसाठी बिहारचा हिस्सा १०.०५८ टक्के होता आणि महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के. म्हणजे उपकराच्या नावाखाली राज्यांचा जो रुपया दिल्लीने ठेवून घेतला, त्यात महाराष्ट्राचे सहा पैसे बुडाले तर बिहारचे दहा. पाटण्याच्या आणि मुंबईच्या मुख्यमंत्र्यांनी हे ओझे एकत्र उतरवायला हवे होते. पण सुभेदार एकत्र येत नसतात. ते दरबारात एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी धडपडतात.

आणि एकत्र यायचे म्हटले तरी कोठे? २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्यांचा विक्रीकराचा मुख्य अधिकार एका परिषदेकडे गेला. तेथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात. देशातील सगळी राज्ये एका बाजूला उभी राहिली, तरी केंद्राच्या मर्जीविना ती काही करू शकत नाहीत. राष्ट्रीय विकास परिषदेची सत्तावन्नावी बैठक डिसेंबर २०१२ मध्ये झाली. तीत दहा मिनिटे होताच घंटा वाजवण्यात आली म्हणून तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता उठून गेल्या. जुलै २०२४ मध्ये नीती आयोगाच्या बैठकीतून पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी बाहेर पडल्या. पाच मिनिटांत ध्वनिक्षेपक बंद केला असा त्यांचा आरोप होता, सरकारने तो नाकारला. पक्ष बदलले, यजमानाची वृत्ती तीच राहिली. घटनेच्या २६३ व्या कलमाखालील आंतरराज्य परिषद १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग ह्यांच्या सरकारने स्थापन केली. तिच्या आदेशात वर्षाला किमान तीन बैठका सांगितल्या आहेत. प्रत्यक्षात दहावी बैठक झाली २००६ मध्ये आणि अकरावी २०१६ मध्ये!

ह्यात तोटा मुख्यमंत्र्यांच्या मानापमानाचा नाही, गरिबाचा आहे. रोजगार हमी योजना जन्मली ती दिल्लीच्या नियोजन भवनात नव्हे, १९७२ च्या दुष्काळातल्या महाराष्ट्रात, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आणि शहरी नोकरदारांवरील व्यवसायकराच्या आधाराने. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तिचे अनुकरण केले. शाळेतले दुपारचे जेवण तमिळनाडूने दिले. राज्य स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या बुद्धीने प्रयोग करू शकले म्हणून हे घडले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा केला आणि खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला. नियम दिल्लीचे, नाव दिल्लीचे, आणि तूट भरून काढायची राज्यांनी. किती मुख्यमंत्र्यांनी ह्यावर विधानसभेत तोंड उघडले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या आमदाराला विचारावे.

इथवर आलो की त्या तरुणाचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. मुख्यमंत्री दिल्लीपुढे मांजर आणि जिल्ह्यापुढे वाघ असतो, हे त्याचे निरीक्षण खरे आहे. ज्या महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्याच महाराष्ट्रात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला होता. महापालिकांची जकात गेली, २०१७ मध्ये मुंबईचीही गेली. तिच्या जागी आले राज्याचे अनुदान. दिल्लीने राज्यांचे जे केले, तेच राज्याने शहरांचे आणि गावांचे केले. मग दिल्लीकडे स्वायत्तता मागताना आवाजाला धार येणार कोठून?

आणि दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे ह्यांनी १९८३ मध्ये केंद्राकडे राज्यांचे हक्क मागितले आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जिल्हा परिषदांचा नवा कायदा केला. अब्दुल नझीरसाब ह्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. १९८७ मध्ये निवडणुका झाल्या, त्यांत स्त्रियांना २५ टक्के जागा राखीव होत्या. केरळात १९९६ नंतर नायनार सरकारने योजनेच्या निधीतील एकतृतीयांशाहून अधिक वाटा पंचायतींना आणि नगरपालिकांना दिला. खाली देणाऱ्याचाच वर मागण्याचा हात ताठ राहतो.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती ह्याचसाठी. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चार खांब. त्यांतील प्रांताचा खांब पोखरला तर छप्पर जिल्ह्यावर कोसळते; आणि प्रांताचा खांबच तेवढा जाड केला, तर गावाच्या खांबाला जागा उरत नाही. म्हणून आपली मागणी 'मुख्यमंत्र्यांना अधिकार द्या' एवढीच असता कामा नये. उपकर आणि अधिभार ह्यांवर मर्यादा घाला आणि तिच्यावरचे उत्पन्न राज्यांत वाटा. आंतरराज्य परिषद नेमाने भरवा. मुख्यमंत्री आमदारांनी गुप्त मतदानाने निवडावा. एकओळी ठराव बंद करण्याची सुरुवात आपण आपल्या पक्षापासून करू. आणि कोणत्याही महापालिकेत वा जिल्हा परिषदेत सहा महिन्यांपलीकडे प्रशासक नको.

त्या तरुण मित्राला माझे आता उत्तर असे : आपण मुख्यमंत्र्यासाठी भांडत नाही. मुख्यमंत्री निवडण्याचा, त्याला जाब विचारण्याचा आणि प्रसंगी घरी बसवण्याचा जो अधिकार तुझ्या मताला आहे, त्यासाठी भांडतो आहोत. सुभेदाराला जाब विचारता येत नाही, कारण त्याचा धनी दुसरीकडे असतो. तुझ्या तालुक्यातले काम अडले आहे ते ह्याच कारणाने.