अर्धी पदवी पुढं न्यायची तर उलटा हिशोब मांडा

चार सेमिस्टर झाली आणि माझं बी.कॉम. सुटलं. बाबा आजारी पडले, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. मग शहापुरातल्या एका साडीच्या दुकानात दोन वर्षं टॅली सांभाळली. शेठ जुन्या वळणाचे, त्यांच्या तोंडी अजून रोजमेळ आणि खतावणी. अकाउंटिंग खरं म्हणजे मी तिथंच शिकले. दर महिन्याला जीएसटीचे आकडे मी जुळवायची, रिटर्न भरायला बाहेरचा सल्लागार यायचा आणि फी घेऊन जायचा. आकडे माझे, फी त्याची. कारण त्याच्याकडं पदवी होती आणि माझ्याकडं चार मार्कशीट.

माझ्या वर्गातलेच पाच-सहाजण असे अर्ध्यावर सुटलेत. कोण उद्यमबागेत कामाला लागला, कुणाचं लग्न झालं. त्यांना वाटतं, आता शिकायचं तर परत पहिल्या वर्षापासून. तसं नाही बघा. पण "क्रेडिट ट्रान्सफर होतंय की" म्हणून डोळे झाकून उडी मारू नका. मी मारली होती, म्हणून सांगतेय.

२०२१ च्या जुलैमध्ये यूजीसीनं अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, सुरू केली. पास झालेल्या पेपरांची क्रेडिट्स तुमच्या नावावर जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं चालतात आणि दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. ऐकायला झकास. पण २०२१-२२ किंवा त्यानंतर केलेलेच कोर्स यात धरले जातात. आणि क्रेडिट जमा करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तो संस्थेचा. माझ्या खात्यात चारपैकी दोनच सेमिस्टर दिसत होती. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर, "वरून अपलोड झालं नसेल." वर विचारलं तर, "कॉलेजनं पाठवलं नसेल." सहा हेलपाटे घातले तेव्हा उरलेली दोन दिसली. चूक कुणाची ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तोवर कोल्हापुरात मामांनी एका सीएच्या ऑफिसात माझी नोकरी पक्की केली होती. तिथल्याच एका कॉलेजात पुढचं पूर्ण करायचं ठरवलं. मनात हिशोब सोपा होता: सहातली चार झाली, दोन उरली.

इथंच चुकले. पदवी ज्या संस्थेची घ्यायची, तिथं किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट्स धरा. चार सेमिस्टरची झाली ८०. सोबत नेता येतात ६०. म्हणजे माझी २० क्रेडिट्स, एक अख्खं सेमिस्टर, पाण्यात. दोनाऐवजी तीन सेमिस्टर करावी लागली, फी वेगळीच. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे. तीन सेमिस्टरपर्यंत झालं असेल तर विद्यापीठ बदलायचा विचार करा. चार-पाच झाली असतील तर आधी आपल्याच विद्यापीठात पुनर्प्रवेशासाठी भांडा.

शिवाय पेपर जुळायला हवेत. २०२४-२५ या एकाच वर्षी कर्नाटकानं चार वर्षांची ऑनर्सची रचना सोडून पदवी परत तीन वर्षांची केली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू केलं. एक राज्य बाहेर पडतंय, दुसरं आत शिरतंय, मधे आपण. बेळगाव ते कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. तेवढ्या अंतरात माझ्या कॉस्टिंगच्या पेपरचं नाव बदललं, क्रेडिट बदललं. तो तोच पेपर आहे हे पटवायला मला जुना अभ्यासक्रम शिक्का मारून आणावा लागला.

आता उलट्या हिशोबाकडं येते. पदवी भिंतीवर लावायला नको, तिच्यापुढचं लायसन हवं. मग आधी त्या लायसनचा नियम वाचायचा आणि तिथून मागं यायचं.

सीएचं घ्या. बी.कॉम. असेल तर फाउंडेशन न देता डायरेक्ट एन्ट्रीनं थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. पण पदवीला एकूण किमान ५५ टक्के लागतात. आणि अकाउंटिंग, ऑडिटिंग, कायदा, अर्थशास्त्र, टॅक्सेशन, कॉस्टिंग अशा ठरलेल्या विषयांतले शंभर मार्कांचे तीन पेपर शिकलेले असावे लागतात. दोन विद्यापीठांत वाटल्या गेलेल्या मार्कशीटवर हे सरळ दिसेलच असं नाही. माझ्या पहिल्या तीन सेमिस्टरसमोर नव्या मार्कशीटवर नुसती क्रेडिट्स आणि ग्रेड आली, मार्कच नाहीत. जुन्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि टक्केवारीचा दाखला वेगळा काढावा लागला. प्रवेश घेतानाच विचारा: शेवटच्या मार्कशीटवर जुने मार्क कसे छापणार?

टक्क्यांची गंमत अशी झाली. चौथ्या सेमिस्टरला बाबा दवाखान्यात होते, मी कशीबशी चाळिशी गाठलेली. बुडालं ते नेमकं तेच सेमिस्टर. पुन्हा केलं तेव्हा अठ्ठावन्न पडले आणि एकूण ५७ वर गेलं. ते बुडलं नसतं तर ५४ वर अडकले असते. यात माझं शहाणपण काही नाही, नशीब म्हणा.

सीएसाठी पदवी लागतेच असंही नाही. बारावी पास असाल तर फाउंडेशनचे चार पेपर देऊन पुढं जाता येतं. ज्यांचं कॉलेज २०२१ च्या आधी सुटलं किंवा टक्के ५५ ला पोचणार नाहीत, त्यांनी एबीसीच्या मागं वर्ष घालवण्यापेक्षा हे बघावं. पुढं इंटरचे सहा पेपर, दोन्ही ग्रुप निघाले की दोन वर्षं आर्टिकलशिप, मग फायनल. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत नाही. आपल्या शाळेतून आलेल्या पोरांनी हे आधीच धरून चालावं.

सीए लांबचं वाटत असेल तर जीएसटी प्रॅक्टिशनर आहे. कॉमर्सची पदवी, पोर्टलवर नोंदणी आणि नासिनची परीक्षा, पन्नास टक्क्यांना पास. मग दुकानदारांची रिटर्न स्वतःच्या नावावर भरता येतात. ऑडिटवर सही करता येत नाही, ती सीएचीच. पण शहापूर, खानापूर, निपाणीच्या बाजारात या एका नोंदणीवर घर चालतं. आणि इथं पदवी लागतेच, बारावीवर भागत नाही. अर्धवट बी.कॉम. पूर्ण करायला मला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

दोन्हीकडच्या विद्यापीठांकडं मागायचं तर फार मोठं काही नको. बी.कॉम.चा इकडचा कुठला पेपर तिकडच्या कुठल्या पेपरला चालतो, याची एक यादी वेबसाइटवर लावा. आणि निकाल लागल्यावर ठरलेल्या मुदतीत क्रेडिट्स एबीसीत चढवा. आज प्रत्येक पोर एकेकटं फाइल घेऊन खिडकीसमोर उभं राहतंय, आणि तीच यादी दरवेळी नव्यानं होतेय.

तोवर तुम्ही आज रात्री एवढं करा. डिजिलॉकरमधून एबीसीचं खातं उघडा आणि किती सेमिस्टर दिसतात ते मोजा. कमी दिसली तर उद्याच कॉलेजात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही, माझे सहातले चार हेलपाटे तोंडीच होते.

मी इंटरची नोंदणी केलीय. शेठना फोन केला तर म्हणाले, "पोरी, आधी आमचं जीएसटी बघ, मग काय ते सीए हो."