दोनशे तास कुठून आणायचे?

'चाळिशीनंतर नवे मित्र होत नाहीत' हे वाक्य आपल्याकडे निसर्गनियमासारखं उच्चारलं जातं. मग कारणं पुढे येतात: माणसं मतलबी झालीत, मोबाइलनं घात केला, आपला स्वभावच बुजरा. ही कारणं सोयीची आहेत. त्यांतलं एकही आपल्याला काही बदलायला लावत नाही.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली या प्रश्नाचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, 'मित्र' म्हणण्याइतकं जवळ यायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज. एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. आकडे अमेरिकेतले आहेत, तंतोतंत मानू नका. पण गणित करून पाहा. 'एकदा निवांत भेटू' म्हणत महिन्यातून दोन तास खरंच भेटलात, तरी वर्षाचे २४ होतात. दोनशे भरायला आठ वर्षं जातात. शाळा-कॉलेजात तेवढे तास काही महिन्यांत भरायचे, तेही कुणी न मोजता.

यावर कुणी म्हणेल, तेव्हा वयच वेगळं होतं. मग मुंबईच्या लोकलकडे बघा. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. तिथे भजनी मंडळं आहेत, बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. ही सगळी नोकरीची, संसाराची, हप्ते फेडणारी माणसं. तासाभराचा प्रवास, आठवड्याचे पाच दिवस: चाळीस आठवड्यांत दोनशे तास! त्या जीवघेण्या गर्दीचं कौतुक करण्याचं काही कारण नाही. पण वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि बोलावण्याची गरज नाही, या तीन गोष्टी मिळाल्या की पन्नाशीतही मैत्री होते, एवढं ती सिद्ध करते.

आणि नेमक्या याच तीन गोष्टी आपण घराबाहेर काढल्या. चाळीला गॅलरी होती, वाड्याला ओसरी होती. नव्या इमारतींना लॉबी आहे आणि तिथे रेंगाळलं की वॉचमन विचारतो, 'कुणाकडे जायचंय?' पारावर, कट्ट्यावर बसणारा रिकामटेकडा ठरतो. बागा भर दुपारी बंद असतात. बसायचं तर कॉफीचं बिल भरा.

जुन्या जागांचंही गोडवे गाऊन भागणार नाही. पारावर कुणी बसायचं हे जात ठरवायची, आणि बाई तर तिथे नसायचीच. आजही नव्या माणसाला आपण पहिल्यांदा आडनाव विचारतो आणि उत्तरावरून पुढचे तास द्यायचे की नाही ते ठरवतो. पुरुष 'मित्रांकडे जाऊन येतो' म्हणून चपला घालतो. बाईला मैत्रिणीकडे जायला निमित्त लागतं, स्वयंपाक उरकलेला लागतो. रविवार नातेवाइकांच्या बारशा-मुंजींना वाहिलेला असतो. नात्याला वेळ देणं कर्तव्य आणि मैत्रीला देणं चैन, ही वाटणी कुणी केली?

चैन म्हणणाऱ्यांनी बदलीच्या गावी आलेल्या, जोडीदार गमावलेल्या, मुलं परदेशी असलेल्या माणसाची रात्र आठवावी. दवाखान्यात सोबत कोण येणार, हा प्रश्न त्याच्यासाठी भावनिक नाही.

म्हणून 'मन मोकळं करा', 'पहिलं पाऊल टाका' हे उपदेश आता पुरे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडता, तर एकदा बाकांसाठी भांडा. नगरसेवकाकडे दुपारी उघडी राहणारी बाग मागा. वाचनालयाची वर्गणी भरा आणि तिथे जाऊन बसा. घरात जाहीर करा: बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ मी नाही. बाईनंही करा, आणि कारण सांगू नका. पुढच्या बुधवारी पुन्हा जा. शंभर बुधवार लागतील.