मीठ समुद्राचे, पण आयोडीन कोठले?



उन्हाळ्याच्या तोंडावर उरण-पेणच्या खाडीकाठाने आपण प्रवास केला असेल, तर बांधांवर रचलेल्या मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी आपल्या नजरेतून सुटल्या नसतील. त्या राशींविषयी आज लिहावेसे वाटले, त्याला एक कारण घडले.

काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांची एक गर्भवती तपासणीसाठी आली होती. तिच्या मानेच्या पुढील भागास किंचित सूज होती. रक्त तपासले, तेव्हा थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. सोबत आलेल्या सासूबाई समाधानाने सांगू लागल्या, "डॉक्टर, खाण्यापिण्यात हयगय नाही हो. पिशवीतले मीठसुद्धा आम्ही तीन वर्षांपूर्वीच बंद केले. थेट मिठागरावरून गोणी आणतो. समुद्राचे शुद्ध मीठ!" पहिल्या भेटीत मी तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे पाहिले होते, घरात मीठ कोणते आहे, एवढे मात्र विचारले नव्हते. थायरॉईडच्या विकाराची कारणे अनेक असतात, त्यामुळे सारा दोष मिठावर टाकता येणार नाही. तरीही जी उणीव सहज टाळता आली असती, ती त्या घरात तीन वर्षे नांदत होती.

समुद्रात आयोडीन असते, मग समुद्राच्या मिठात ते का नसावे? हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मिठागरातच सापडते. उधाणाच्या भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ तळ्यांत घेतात आणि ऊन-वाऱ्याने आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात. एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातील चुना आणि जिप्सम आधी तळाशी बसतात. पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरले, की शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरू लागतात. खाली उरलेले कडवट पाणी जाणता मिठागरी वेळीच काढून टाकतो. अन्यथा त्यातील मॅग्नेशियममुळे मीठ कडू होते आणि त्याला पाणी सुटते. एका लिटरमागे मिलिग्रॅमचा जेमतेम विसावा भाग असलेले आयोडीन मिठाच्या खड्यात सामावत नाही. ते बहुतांशी त्या पाण्याबरोबरच निघून जाते. मिठागरी आपल्या कामात चोख असतो. आयोडीनची उणीव ही त्याची चूक नव्हे. सैंधवाचीही हीच कथा आहे.

प्रौढ व्यक्तीस दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आणि गर्भवतीस 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ही मात्रा टाचणीच्या टोकाएवढी. पण गर्भाच्या मेंदूची जडणघडण तिच्यावर अवलंबून असते. पहिल्या काही महिन्यांत गर्भ थायरॉईडच्या संप्रेरकासाठी सर्वस्वी आईवर विसंबून असतो. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि तेथील गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले. 1962 साली देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मात्र ही उणीव केवळ डोंगरी भागापुरती नाही. समुद्राकाठच्या घरातही ती होऊ शकते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. खडेमीठ आवडत असल्यास आयोडीनयुक्त खडेमीठ घ्यावे. पाकिटावरील उल्लेख वाचावा.

• मीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, उन्हापासून व चुलीच्या आचेपासून दूर ठेवावे. ओलाव्याने व उष्णतेने आयोडीन घटते. शक्यतो मीठ पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

• मीठ कोणतेही असो, दिवसाला एका माणसामागे 5 ग्रॅमहून, म्हणजे सपाट लहान चमच्याहून, अधिक नको. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठही या हिशेबात धरावे. खडेमिठाने रक्तदाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे.

• 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

• मानेवर सूज, अकारण थकवा, वाढते वजन किंवा अनियमित पाळी असल्यास थायरॉईडची तपासणी करावी. नुसते मीठ बदलणे हा त्यावरचा उपचार नव्हे.

त्या गर्भवतीस गोळ्या सुरू केल्या, घरातले मीठ बदलले आणि यथाकाल सुदृढ कन्या जन्मली. सासूबाई आजही मिठागरावरून गोणी आणतात. पण ती मासळी खारवण्यासाठी. आणि मी आता प्रत्येक गर्भवतीस पहिल्याच भेटीत विचारतो, "घरात मीठ कोणते वापरता?"