तरंगत्या गाडीचा जमिनीवरील हिशेब

अतिसंवाहक चुंबकांवर तरंगणारी आगगाडी हे आता केवळ पदार्थवैज्ञानिकांचे स्वप्न राहिलेले नाही. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने 1962 साली, म्हणजे तोक्यो-ओसाका शिंकान्सेन सुरू होण्याच्याही दोन वर्षे आधी, तिचे संशोधन हाती घेतले. 1979 मध्ये मियाझाकीच्या चाचणीमार्गावर या गाडीने ताशी 517 किलोमीटरचा वेग गाठला. 2015 च्या एप्रिलमध्ये यामानाशी येथे माणसांसह 603. असे असूनही एका शहरातून दुसऱ्या शहरात या गाडीने जाण्याची सोय अद्याप झालेली नाही. हा विलंब विज्ञानाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

गाडीतील निओबियम-टिटॅनियमच्या तारांची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली की त्यांतील विजेचा रोध नाहीसा होतो आणि प्रवाह न घटता फिरत राहतो. असे प्रबळ चुंबक घेऊन गाडी वेगाने धावू लागली म्हणजे मार्गाच्या भिंतींतील वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होऊन ती सुमारे 10 सेंटिमीटर उचलली जाते. मंद वेगात मात्र तिलाही रबरी चाकांचाच आधार घ्यावा लागतो!

खरा खर्च आहे तो डोंगर पोखरण्याचा. ताशी 500 किलोमीटरच्या वेगाला तीव्र वळणे सोसत नाहीत. म्हणून तोक्यो-नागोया या 286 किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे 86 टक्के भाग बोगद्यांत आहे. 2014 साली काम सुरू झाले तेव्हा खर्चाचा अंदाज साडेपाच लाख कोटी येन होता. 2021 मध्ये तो सात लाख कोटींवर गेला आणि 2025 मध्ये अकरा लाख कोटींवर. 2027 चा मुहूर्त तर 2024 मध्येच सोडून द्यावा लागला.

मुहूर्त टळल्याचा दोष शिझुओका प्रांताच्या तत्कालीन राज्यपालांच्या हट्टाला देण्याची प्रथा पडली आहे. ती न्याय्य नाही. या प्रांतातून मार्गाचा छोटासाच भाग, तोही बोगद्यातून, जातो. स्थानक एकही नाही. त्याच बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी सेकंदाला दोन टनांपर्यंत घटेल, असे रेल्वे कंपनीच्याच पाहणीत 2013 साली म्हटले होते. या नदीवर सुमारे सहा लाख लोकांचे पिण्याचे पाणी आणि खालच्या अंगाची शेती अवलंबून आहे. लाभ तोक्यो-नागोयाच्या प्रवाशांना आणि झीज नदीकाठच्या शेतकऱ्यांना, अशी वाटणी असता पाण्याचा हिशेब आधी मागणे हा अडवणुकीचा प्रकार कसा ठरतो?

शिवाय ही गाडी जुन्या रुळांवर चालत नाही. चाकांची जलद गाडी मोठ्या शहराच्या जुन्या स्थानकात शिरू शकते. हिला पहिल्या वीतभर जमिनीपासून सारे नवे हवे. जर्मनीने, तंत्र वेगळे असले तरी, हॅम्बुर्ग-बर्लिनचा बेत 2000 साली आणि म्युनिकचा 2008 साली सोडला, तो खर्चामुळेच. तेच जर्मन तंत्र घेऊन शांघायने 30 किलोमीटरचा मार्ग बांधला. चीनचे पुढचे विशाल जलद जाळे मात्र चाकांवरच उभे राहिले. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जपानने देऊ केले तेही चाकांचेच तंत्र.

तोक्यो-नागोयाचा सुमारे दीड तासाचा प्रवास 40 मिनिटांवर येईल, हे खरे. परंतु कंपनीची भिस्त आहे ती जुन्या शिंकान्सेनच्या नफ्यावर, आणि 2016 नंतर सरकारकडून मिळालेल्या तीन लाख कोटी येनांच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर. जपानची लोकसंख्या घटत आहे. तरंगत्या गाडीत जे कधी बसणार नाहीत, त्यांच्या आजच्या तिकिटांतून हे बोगदे खणले जात आहेत.